‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ मराठी अक्षरांत, सोबत मामांची पायपेटी: खानापूर तालुक्यातल्या नोंदी

9 नोव्हेंबर 2024, शनिवार

दिवाळी झाली. दुकानातली गर्दी ओसरलीय. (खानापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे.) संध्याकाळी दोन तास हाताशी मिळतील म्हणून आजपासून कामाला लागले. ज्याला आपल्या गावात असं काही करायचं असेल त्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतेय.

काम असं आहे. 1962 सालचा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ हा काळा-पांढरा अमेरिकन भुताचा सिनेमा मराठी उपशीर्षकं घालून गावात उघड्यावर दाखवायचा. आमचं गाव जांबोटीच्या अलीकडे. सुगी आटोपली, भात घरात आलं की लोक मोकळे होतात, तेव्हा दाखवायचा.

सिनेमा भाचीने दाखवला, तिच्या फोनवर. गोष्ट थोडक्यात: गाडी पुलावरून नदीत पडते. सगळ्या बुडतात, पण मेरी नावाची एक मुलगी तीनेक तासांनी चिखलात माखून बाहेर येते. पेशाने ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. लांबच्या गावी नोकरी धरते, आणि वाटेतच गाडीच्या काचेत तिला एक पांढराफटक चेहरा दिसायला लागतो. पुढे तो चेहरा पाठ सोडत नाही.

रात्री झोप लागली नाही. चेहऱ्यापायी नव्हे, ऑर्गनपायी. अख्ख्या सिनेमाला ऑर्गनशिवाय दुसरं वाद्य नाही म्हटलं तरी चालेल. तिच्या गाडीतला रेडिओ लावला तरी त्यातून ऑर्गनच येतो. आणि आमच्या थोरल्या मामांच्या माडीवर चाळीस वर्षं पोत्याखाली झाकलेली पायपेटी (पायाने भाता मारून वाजवायची पेटी) पडून आहे. गावच्या संगीत नाटकांना मामा तीच वाजवायचे. दोन्ही गोष्टी एकत्र आणायच्या असं त्या रात्री मनाने घेतलं.

17 नोव्हेंबर, रविवार

आधी हक्काचं (कॉपीराइटचं) बघितलं. अमेरिकेत हा सिनेमा सुरुवातीपासूनच मोकळा, कारण प्रतींवर हक्काची सूचना छापायची राहून गेली होती. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, म्हणजे 1962 चा सिनेमा 2022 अखेरीस मोकळा झाला. नव्याने स्वच्छ केलेल्या प्रती विकत मिळतात. त्यांना हात लावला नाही, साधी जुनी प्रत घेतली. तिकीट लावणार नाही.

मामांना सिनेमा कसा तयार झाला ते सांगत बसले होते. दिग्दर्शक हर्क हार्वी. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात, सेंट्रॉन नावाच्या कंपनीत शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट करायचा हा माणूस. कथापट आयुष्यात एकच केला, तो हा. सुमारे 33 हजार डॉलरमध्ये, तीन आठवड्यांत, पाच-सहा माणसं घेऊन. मुख्य भूतही तोच झाला. मामा लगेच म्हणाले, “नाटक कंपनीत तरी दुसरं काय होतं? मालकच राजा व्हायचा.”

ज्या जागेसाठी हा सिनेमा सुचला ती जागा सॉल्टेअर. ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावर 1893 साली बांधलेला, घुमटांचा मोठा करमणुकीचा मंडप. आगीत जळाला, परत बांधला, मग तळ्याचं पाणी मागे हटलं आणि तो चिखलात उघडा पडला. हार्वीने रस्त्याने जाताना तो पाहिला आणि गोष्ट त्याच्याभोवती रचायला जॉन क्लिफर्ड या सोबत्याला सांगितलं. 1970 साली तो मंडप पुन्हा जळून गेला, आता सिनेमात उरलाय तेवढाच.

मामींनी हे ऐकून एवढंच म्हटलं, “हिडकलात देऊळ दिसतंय तसं.” हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ हिडकल धरणाच्या पाण्यात असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. सॉल्टेअर समजवायला मी पाच वाक्यं खर्च केली होती. गावातही असंच सांगायचं ठरवलं.

24 नोव्हेंबर, रविवार

आठ दिवस फुकट गेले. चूक पूर्णपणे माझी.

लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं मी जुन्या डीटीपी फाँटात टाइप करते. बोटांना तीच सवय. उपशीर्षकांच्या पहिल्या 190 ओळी त्याच फाँटात मारल्या. फाइल सिनेमाला जोडली तर पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. जुन्या फाँटांत अक्षर मराठी दिसतं, आत साठतं ते इंग्रजी. उपशीर्षकाला युनिकोडच लागतं. फाइल साठवताना यूटीएफ-8 निवडायला हवं, नाहीतर युनिकोडचाही चुथडा होतो.

परिवर्तक (जुन्या फाँटातलं युनिकोडात बदलणारं साधन) वापरून ओळी बदलून बघितल्या. रफार आणि पहिल्या वेलांटीची जागा सगळीकडे चुकली. एकेक दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने टाइप केलं ते लवकर झालं.

काम ‘सबटायटल एडिट’मध्ये करतेय. फुकट मिळतं, आवाजाची लाट खाली दिसते, त्यामुळे वाक्य कुठे सुरू होतं ते धरता येतं.

8 डिसेंबर, रविवार

अर्ध्याच्या पुढे गेले. सिनेमात बोलणं कमी आहे, हे पहिल्यांदा करणाऱ्याच्या भल्याचं. माझ्या अंदाजाने सगळ्या मिळून सहाशेच्या आत-बाहेर ओळी होतील.

नावावर घरात दोन दिवस वाद झाला. मी ‘आत्म्यांची जत्रा’ लिहिलं होतं. भाची म्हणाली, प्रवचनाला बोलावल्यासारखं वाटतंय. ‘भुतांची जत्रा’ म्हटलं तर मामी अडल्या, जत्रा देवीची असते, त्या शब्दाला भूत चिकटवायचं नाही. मला त्यांचं पटलं. नाव मूळचंच ठेवलं, खाली लहान अक्षरांत ‘एका ऑर्गनवालीची गोष्ट’.

तू आणि तुम्ही. इंग्रजीत हा प्रश्न येतच नाही, मराठीत पहिल्या ओळीपासून येतो. मेरी ज्या घरात भाड्याने राहते तिथल्या मालकीणबाई तिला ‘पोरी’ म्हणतात असं ठेवलं, आमच्याकडे तसंच म्हणतील. समोरच्या खोलीतला लिंडन नावाचा इसम तिच्यामागे लागलेला असतो. आधी मी त्याला सगळीकडे ‘तू’ दिलं होतं. मग वाचून बघितलं तर तो पहिल्याच भेटीत मवाली ठरला, पुढे काही उरेना. आता तो ‘तुम्ही’ने सुरू करतो, दुसऱ्या भेटीत मध्येच एकदा ‘तू’वर येतो, परत सावरतो, आणि नंतर सावरत नाही. मेरी त्याला शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणते. एवढ्याने त्या माणसाची सगळी चाल उघडी पडली. या कामात मला सगळ्यांत समाधान देऊन गेलेली दुरुस्ती हीच.

एका जागी चार दिवस अडकले. मेरी चर्चमध्ये एकटी सराव करत असते, बोटं आपोआप भलत्याच सुरांकडे वळतात. पाद्री येऊन तिचे हात थांबवतो, तू पवित्र जागा भ्रष्ट केलीस म्हणतो, नोकरी सोडायला सांगतो. कोशातले शब्द घालून बघितले: पाखंड, अपवित्र, ईशनिंदा. आमच्या गावात असं कुणी बोलत नाही. मामांना विचारलं, भजनात कुणी लावणीची चाल धरली तर थोरलं माणूस काय म्हणतं? म्हणाले, “देऊळ बाटवलंस, म्हणतं.” झालं काम.

लांबीचं सांगते. सुरुवातीला एका ओळीत 42 अक्षरं घेत होते, कुठेतरी वाचलेला आकडा. मामींच्या थोरल्या जावेला वाचायला बसवलं तर निम्म्यात ओळ निघून जायची. आता ओळीला 30–32 अक्षरं, एका वेळी दोन ओळी, कमीत कमी अडीच सेकंद. अर्थ थोडा छाटावा लागतो. छाटलाय.

15 डिसेंबर, रविवार

पायपेटी माडीवरून खाली आणली. चार माणसं लागली. पोतं काढलं, झाकण उघडलं. आत उंदराचं घरटं होतं. त्यात नाटकाच्या हस्तपत्रिकेचे तुकडे, ‘संगीत’ एवढंच वाचता आलं. मामा बराच वेळ तो तुकडा बोटांत धरून बसले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, हे ते नेहमी सांगतात. आज ते काही बोलले नाहीत.

हाल असे: पायभात्यांच्या घड्यांवरचं कातडं तीन जागी फाटलेलं, एका पायपट्टीचा पट्टा तुटलेला, आठ सूर मुके, दोन सतत वाजणारे. पट्ट्यांखालचं बनात (जाड लोकरी कापड) कसरीने खाल्लेलं.

मी म्हटलं, कातडं आपणच चिकटवू. सुताराचा पांढरा गोंद आणला. मामा “सरस हवा” म्हणत होते, म्हणजे जनावराच्या कातड्याचा शिजवून केलेला गोंद. सरस शिजवायचा, वास सोसायचा, मला घाई. ऐकलं नाही.

22 डिसेंबर, रविवार

गोंद वाळला आणि पत्र्यासारखा कडक झाला. भाता उघडला की घडी वाकत नाही, कडेने तडकते. तीन फाटलेल्या जागांच्या पाच झाल्या.

तो गोंद काढायला दोन संध्याकाळी गेल्या, कोमट पाण्याचं फडकं ठेवून आणि बोथट सुरीने खरवडून. शेवटी टेम्पो करून पेटी बेळगावला शहापुरात एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. त्यांनी भात्यावरून नुसता अंगठा फिरवला आणि विचारलं, “कुणी लावला हा?” मी सांगितलं, मीच. रागावले नाहीत. जवळ बसवून दाखवलं. मेंढीचं पातळ कातडं, कडा सुरीने तासून शून्यावर आणलेल्या, सरस गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेला, उकळू द्यायचा नाही. घडीच्या रेघेवर चिकट अजिबात लावायचं नाही, दोन्ही बाजूंना लावायचं, म्हणजे कातडं तिथे मोकळं दुमडतं. शिवाय सरस पाण्याने सुटतो, पुढच्या माणसाला दुरुस्ती करता येते.

मुके सूर बहुतेक धुळीने अडकलेले होते. पितळी जिभेखालून पातळ कागदाची पट्टी सरकवली की मोकळे होतात. सुई घालायची नाही, ओरखडा पडला तर सूर उतरतो. मंद्र सप्तकातला पंचम मात्र चिरलेला निघाला. तो त्यांनी जुन्या पेटीतला बसवून दिला.

मामांचं पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर टेम्पोचं भाडं वाचलं असतं की नाही माहीत नाही, पण दोन आठवडे नक्की वाचले असते.

4 जानेवारी 2025, शनिवार

उपशीर्षकं पूर्ण. पहिल्यांदा सलग लावून बघितलं. वीस मिनिटं सगळं जागेवर, मग एकाएकी ओळी पुढे-मागे. मेरी गप्प बसलेली असताना खाली डॉक्टरचं वाक्य.

कारण शोधायला तीन तास गेले. भाचीने मध्येच जास्त स्वच्छ दिसणारी प्रत उतरवून ठेवली होती आणि मी तीच लावली. या सिनेमाच्या दोन लांब्या फिरतात, एक सुमारे 78 मिनिटांची, दुसरी सुमारे 84. वितरकाने त्या काळी कात्री लावली होती. माझी फाइल छोटीवर बेतलेली.

करणाऱ्यांसाठी खूण: फरक हळूहळू, सारखा वाढत गेला तर चित्रगतीचा घोळ समजा, म्हणजे एक प्रत सेकंदाला 24 चित्रांची आणि दुसरी 25 ची. तो एका बटणात सुटतो. फरक एका जागी झटक्याने उडी मारून आला तर प्रतीत दृश्यं कमी-जास्त आहेत. तिथे बटण चालत नाही. मी छोट्या प्रतीवर परत गेले.

12 जानेवारी, रविवार

पडदा. यावर दोनदा पैसे घातले.

पहिला शिवला 14 फूट बाय 8. हल्लीच्या टीव्हीच्या आकाराचा विचार डोक्यात. हा सिनेमा चौकोनाकडे झुकणारा, उंची 1 तर रुंदी 1.37. आठ फूट उंचीत चित्र अकरा फूटच रुंद पडलं, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट राखाडी पट्टे. काळं म्हणून प्रोजेक्टर जे टाकतो ते कापडावर राखाडीच दिसतं.

त्याहून वाईट शिवण. मांजरपाटाचा पन्हा लहान, म्हणून दोन पट्टे आडवे जोडले होते. मेरीचा चेहरा जवळून दाखवतात तेव्हा ती शिवण बरोबर तिच्या दोन्ही डोळ्यांवरून जात होती. कँडेस हिलिगॉसचे ते मोठे, न मिटणारे डोळे हा या सिनेमाचा जीव, आणि माझ्या पडद्यावर त्यांना टाके घातलेले.

दुसऱ्या खेपेला खडेबाजारातून चादरीच्या मोठ्या पन्ह्याचं पांढरं सुती कापड घेतलं. 12 फूट बाय पावणेनऊ, जोड फक्त वरच्या कडेला. चारी बाजूंनी काळ्या अस्तराची वीतभर पट्टी. ती लावल्यावर चित्र एकदम उठून दिसायला लागलं, इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. मागे पहिला पडदा दुहेरी बांधला, म्हणजे उजेड आरपार जात नाही.

15 जानेवारी

संक्रांतीत काही झालं नाही. फक्त एक: प्रोजेक्टरमध्ये पेनड्राइव्ह घालून बघितला. जोडाक्षरं सगळी सुटी, ‘मृत्यू’चा पाय मोडलेला. संगणकावर नीट दिसतं ते प्रोजेक्टरच्या पोटातल्या प्लेअरवर दिसेलच असं नाही. उपाय, अक्षरं चित्रातच कायमची छापून नवी फाइल करणे. ‘हँडब्रेक’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, माझ्या जुन्या संगणकाला पाच तास लागले.

19 जानेवारी, रविवार: रंगीत तालीम

मामांच्या खळ्यात पडदा बांधला, वीसेक माणसं. प्रोजेक्टर आणि बॉक्स भाड्याने. हे जर केलं नसतं तर मुख्य दिवशी सगळं फसलं असतं.

पहिलं: मामांनी सिनेमावर साथ करायची असं ठरलं होतं, मूळ आवाज बारीक ठेवून. दहा मिनिटांत कळलं की जमत नाही. मामांचे सूर छान होते, पण सिनेमातला जीन मूर यांचा ऑर्गन आणि पायपेटी एका पट्टीत नाहीत, दोन्ही एकमेकांना खातात. शिवाय पावलांचे आवाज गेले. मेरीच्या टाचांचा टक-टक आवाज हा या सिनेमात कितीतरी वेळ एकटाच असतो. मामा स्वतःच थांबले. म्हणाले, “हिचं वाजवणं हिला करू दे.”

दुसरं जास्त महत्त्वाचं. सिनेमात एक जागा अशी येते की मेरी दुकानात कपडे बघत असते आणि अचानक जग तिच्यापुरतं बंद होतं. विक्रेती तिच्याकडे बघत नाही. रस्त्यावर माणसं बोलताना ओठ हलतात, गाड्या जातात, आवाज शून्य. ती बागेत जाऊन झाडाला हात लावते, पाखरं ओरडतात आणि सगळे आवाज परत येतात. खर्च बघितला तर काहीच नाही, आवाजाची पट्टी काढून टाकलीय. पैसेवाल्याने इथे दोन हजार माणसं आणि मोठं वाद्यवृंद आणलं असतं.

आता आमच्या खळ्यात काय झालं? आवाज गेला, तसा साऊंडवाला पोरगा उठलाच. “एनातु, एनातु?” (काय झालं, काय झालं?) म्हणत वायरी हलवायला लागला. मिक्सर सगळा वर चढवला. बॉक्समधून घूंऽऽ असा घुमार सुरू. एक म्हातारबा ओरडले, “फ्यूज बघ की रे!” दोघांनी टॉर्च मारला. आणि तेवढ्यात पाखरं आली, पूर्ण आवाजात. मांडीवरची दोन पोरं रडायला लागली, कुत्री भुंकत सुटली.

पोरगा बिचारा घाबरून माझ्याकडे आला, “अक्का, माझं काय चुकलं न्हाई, लाइनच गेल्ती.” त्याचं खरंच चुकलं नव्हतं. त्याचं काम आवाज जाऊ न देणं. सांगायला मी विसरले.

उद्या त्याला दुकानात बोलावलंय. शांततेच्या जागा मिनिट-सेकंदासह कागदावर लिहून देणार आणि तो भाग शेजारी बसवून दाखवणार.

तिसरं: ज्यांना वाचता येतं ते मोठ्याने वाचतात, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी. मी आधी वैतागले होते. पण मामींना वाचता येत नाही आणि त्यांना सिनेमा बघायचाय. कुणाला गप्प बसवायचं नाही असं ठरवलं. शेजारच्या कन्नड घरातल्या वहिनींनीही विचारलं, आमचं काय? एकाच पडद्यावर दोन लिप्या घालून बघितल्या, चार ओळी झाल्या आणि चित्र झाकलं. त्यांची मुलगी दोन्ही भाषा वाचते, ती आईशेजारी बसून कन्नडात सांगेल. कन्नड फाइल वेगळी करायची आहे.

20 जानेवारी, सोमवार

साऊंडवाला आला. तो भाग दाखवला. पहिल्यांदा नुसता बघत राहिला. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग म्हणाला, “अक्का, इथं बॉक्स बंद करू का पुरतं? आवाज नसला तरी सर्रर्र येतंय.” हे मला सुचलं नव्हतं. बॉक्स चालू असताना जी बारीक सरसर असते तीही गेली पाहिजे, आणि पाखरांच्या आधी एक सेकंद परत यायला हवी. त्याने ते पाच वेळा करून बघितलं.

24 जानेवारी, शुक्रवार

तारीख दोनदा बदलली. 29 ला ठरवत होते, अंधार भरपूर म्हणून. ती अमावास्या. थोरल्यांनी स्पष्ट सांगितलं, भुताचं त्या दिवशी नको. 1 फेब्रुवारीला शनिवार, पण गणेश जयंती, देवळात भजन. रविवार 2 तारीख पक्की. चंद्रकोर बारीकच, उजेडाचा त्रास नाही. पंचांग आधीच बघायला हवं होतं, साऊंडवाल्याला दोनदा फोन करावे लागले.

2 फेब्रुवारी, रविवार

रात्रीचे दीड वाजलेत, आजच लिहून ठेवते.

सात वाजता शाळेच्या पटांगणात पडदा. बांबू चार, दोर आठ ठिकाणी, खालची कड विटांना बांधली. माणसं दीडशेच्या वर असावीत, मोजली नाहीत. पायपेटी घोंगडीखाली ठेवली होती, दवाने सूर अडकतात म्हणून. तरी तारसप्तकातला एक अडकलाच. मामांनी तो सूर सोडून वाजवलं, कुणाला कळलं नाही. लोक जमेपर्यंत पाऊण तास ते वाजवत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पाय, पण भाता एकदाही पडला नाही.

मी उभी राहून दोनच वाक्यं बोलले: हिडकलात देऊळ वर येतं तशी एक जागा आहे, आणि मध्ये दोनदा आवाज जाईल, तो गेलेला नाही, घालवलाय.

भूत पहिल्यांदा काचेत दिसलं तेव्हा पोरं हसली. “पिठात तोंड घातलंय!” एकाने म्हटलं. ते खरंच आहे, पांढरा रंग आणि डोळ्यांभोवती काळं, आपल्याकडच्या सोंगासारखं. दुसऱ्यांदा, जिन्याखाली तो उभा असतो, तेव्हा निम्मी हसली. तळ्याच्या पाण्यातून तो वर आला तेव्हा कुणी हसलं नाही. तोच चेहरा, तोच रंग.

दुकानाचा प्रसंग. तोपर्यंत पटांगणभर वाचणाऱ्यांची कुजबुज चालू होती, मराठीत, एका कोपऱ्यात कन्नडात. पडद्यावर आवाज गेला. वाचायला ओळ नाही, म्हणून कुजबुजही थांबली. पोराने बॉक्स बंद केला. जनरेटर लांब शाळेमागे होता आणि गरज पडली नव्हती, त्यामुळे तोही गप्प. दीडशे माणसांचं पटांगण आणि काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मेरी लोकांपुढे जाऊन बोलतेय, कुणी बघत नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी शेजारणीचा हात धरला, एवढं मला उजेडात दिसलं. त्यांच्या पायाशी बसलेली नात मागे वळून आईला शोधत होती.

पाखरं आली. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, तो मात्र ऐकू आला.

शेवट इथे लिहीत नाही, दाखवणाऱ्यांनी तो जपावा. संपल्यावर कुणी उठेना. लोकांना अंधारातून घरी जायचं होतं. मामा आपणहून पेटीवर बसले आणि ‘पुंडलिक वरदे’चा गजर धरला. वाडीवाडीचे लोक घोळक्याने निघाले, शेवटचा घोळका जाईपर्यंत ते वाजवत राहिले.

5 फेब्रुवारी, बुधवार: हिशोब

ठरवलं होतं आठ हजारांत. झाले ते असे, रुपयांत: पहिलं कापड 1,120. दुसरं 1,650. काळं अस्तर 480. कातडं, सरस, बनात 940. कारागीर 2,500. टेम्पो जा-ये 1,800. प्रोजेक्टर दोन रात्री 3,000. साऊंड तालमीचे 1,000 आणि मुख्य दिवसाचे 2,500. जनरेटर 1,200, न वापरताही द्यावे लागतात. चहा आणि चुरमुरे 1,350. एकूण 17,540. गावातून 6,300 जमले, बाकी मी आणि मामांनी घातले.

उपशीर्षकांना माझे सुमारे 50 तास, त्यातले दहा-बारा जुन्या फाँटात गेलेले.

पडद्याला दवाचे पिवळट डाग पडलेत. रात्री गुंडाळून ठेवायचा नव्हता, दोरीवर टाकायला हवा होता. रिठ्याच्या पाण्यात भिजवलाय, दोन डाग गेले, तिसरा चिवट आहे.

नंदगडहून एकाचा फोन आला, फाइल आणि पडदा मिळेल का म्हणून. देणार आहे. शांततेच्या जागांचा कागद आणि साऊंडवाल्या पोराचा नंबर सोबत.